हातची गेलेली कार्डे

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही मोठा विद्वान वक्ता नाही. गिरणीच्या साळखात्यात उभं राहून आयुष्य गेलं. शाळा अर्धवट सुटली, पुढचं शिक्षण वाचनालयात झालं. त्यामुळे बोलण्यात काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.

दरवर्षी मी संघटनेवर नाहीतर शिक्षणावर बोलतो. यंदा विषय जरा वेगळा आहे. विषय मुलांनीच दिला. आपल्या अभ्यासवर्गातल्या एका पोराने मला विचारलं, "काका, अमेरिकेत एका खेळाडूच्या चित्राच्या कार्डाला शंभर कोटी रुपये मिळाले, हे खरं का? आणि ज्यांनी ती कार्डं टाकून दिली, त्यांचं आता काय होत असेल?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, होय, खरं आहे. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला चार रात्री झोपू दिलं नाही. म्हणून मिळेल ते वाचून काढलं. ते आज तुमच्यापुढे मांडतो.

बेसबॉल हा अमेरिकेचा लाडका खेळ. आपल्याकडे जसं क्रिकेट, तसं त्यांच्याकडे बेसबॉल. तिथे खेळाडूंची चित्रं छापलेली पुठ्ठ्याची छोटी कार्डं निघतात. आमच्या लहानपणी आम्ही चाळीत काडेपेटीची छापं जमवायचो, पुढे च्युइंगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची, त्यातलाच हा प्रकार. पण तिथे त्याला शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवातीला ही कार्डं सिगारेटच्या पाकिटात निघायची. पाकीट मऊ, आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून एक ताठ पुठ्ठा घालायचा. त्या पुठ्ठ्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक पुन्हा येतं, हे कंपनीवाल्यांनी ओळखलं. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात जी कार्डं काढली, त्यांना आज जमवणारे लोक 'टी-२०६' म्हणतात. या संचात होनस वॅगनर नावाच्या खेळाडूचं कार्ड आहे. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध कार्डांपैकी ते एक.

हा वॅगनर कोण? जर्मनीतून आलेल्या आईबापांचा मुलगा. लहान वयात शाळा सोडून बापाबरोबर कोळशाच्या खाणीत काम केलेला. पुढे पिट्सबर्गच्या संघाचा महान खेळाडू झाला आणि १९३६ साली बेसबॉलच्या सन्मान दालनात ज्या पहिल्या पाच जणांची निवड झाली, त्यात तो होता. सिगारेटच्या कार्डासाठी त्याची परवानगी मागितली तेव्हा त्याने नकार दिला. परवानगी आणून देणाऱ्या वार्ताहराला कंपनी दहा डॉलर देणार होती. त्याचं नुकसान नको म्हणून वॅगनरने स्वतःचा दहा डॉलरचा चेक त्याला पाठवला, असं 'द स्पोर्टिंग न्यूज' या पत्रात १९१२ साली छापून आलं. पोरांनी माझं चित्र मिळवण्यासाठी तंबाखू विकत घेऊ नये, असं त्याचं म्हणणं होतं, असं पुष्कळ लोक मानतात. काहीजण म्हणतात, त्याला पैसे हवे होते. काही का असेना, कार्डाची छपाई थांबली. जी थोडी बाहेर गेली होती, त्यातली साठाच्या आसपास आज शिल्लक असल्याचं मानलं जातं.

आता या कार्डाच्या एका प्रतीचा प्रवास ऐका. १९८५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका दुकानात ती २५,००० डॉलरला विकली गेली. विकणाऱ्याला वाटलं असेल, आपण जिंकलो. घेणाऱ्याने १९८७ साली ती १,१०,००० डॉलरला विकली. त्यालाही वाटलं असेल, आपण जिंकलो. १९९१ साली लिलावात ती ४,५१,००० डॉलरला गेली आणि वेन ग्रेट्झकी या प्रसिद्ध हॉकीपटूने भागीदारीत ती घेतली. पुढे २००७ साली तीच प्रत २८ लाख डॉलरला गेली. म्हणजे बघा, प्रत्येक विकणारा नफ्यात होता आणि तरीही पुढचा आकडा वाचला की त्याच्या पोटात कळ आली असेल. "थोडं थांबलो असतो तर!" ही ती हळहळ. दुसऱ्या प्रती तर आणखी पुढे गेल्या. एक २०२१ साली ६६ लाख डॉलरला, दुसरी २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरला.

पण मंडळी, या गोष्टीला एक शेपूट आहे. त्या नामांकित प्रतीचे काठ इतके कोरे, इतके धारदार कसे, अशी कुजबुज पहिल्यापासून होती. २०१३ साली, १९८५ मध्ये ती घेणाऱ्या बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने न्यायालयात कबुली दिली की, कार्डाचे काठ आपण कापले होते. लिलावातल्या लबाडीबद्दल २०१५ साली त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे ज्या वस्तूसाठी लोक वर्षानुवर्षे हळहळले, ती वस्तूच कात्री लावलेली होती! हातचं गेलं म्हणून रडताना, गेलं ते नक्की काय होतं, हे आधी तपासावं. हा पहिला धडा.

याच प्रतीच्या प्रवासात मधेच एक साधी बाई येते. १९९५-९६ साली एका मोठ्या दुकानदार कंपनीने जाहिरातीसाठी ते कार्ड बक्षीस म्हणून ठेवलं. सोडत निघाली आणि फ्लोरिडामधल्या एका टपाल कर्मचारी बाईला ते लागलं. विचार करा, आपल्या पोस्टातल्या ताईंना असं काही लागलं तर! पण बक्षीस मिळालं की त्यावर कर भरावा लागतो. एवढा कर भरायला पैसा कुठला आणायचा? म्हणून तिने ते लगेच लिलावात विकलं. ६,४१,५०० डॉलरला गेलं. लोक म्हणतील, बाई चुकली, ठेवलं असतं तर कुठच्या कुठे गेली असती. मी म्हणतो, बाई अजिबात चुकली नाही. श्रीमंताला थांबता येतं. कष्टकऱ्याला थांबायचे पैसे नसतात. व्यापाऱ्याने घाईने विकलं तर तो त्याचा हिशेब चुकला. पण भाडं थकलं, पोराची फी भरायची आहे, म्हणून जो विकतो, त्याने पस्तावा करायचं कारण नाही. त्याची वस्तू गेली, पण घर राहिलं. आपल्या आयाबहिणींनी मंगळसूत्राचे मणी विकून पोरं शिकवली. त्यांना कोणी सांगितलं का, सोन्याचा भाव वाढला, तुम्ही चुकलात म्हणून? नाही ना!

आता शंभर कोटींच्या कार्डाकडे येतो.

१९५२ साली टॉप्स नावाच्या च्युइंगम कंपनीने मोठ्या आकाराची, रंगीत, एकूण ४०७ कार्डं काढली. साय बर्गर नावाच्या त्यांच्या माणसाने आपल्या घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांची आखणी केली होती. सिगारेट जाऊन च्युइंगम आलं, गिऱ्हाईक बापाऐवजी पोरगं झालं. पाच सेंटला च्युइंगमसकट कार्डांचं पाकीट. कार्डं एकदम बाजारात आली नाहीत, टप्प्याटप्प्याने आली. शेवटचा टप्पा, ३११ पासून ४०७ पर्यंतचा, बाजारात आला तेव्हा बेसबॉलचा मोसम संपत आला होता. पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलं होतं. दुकानदार म्हणाले, नको. माल पडून राहिला.

वर्षं गेली. गोदामात जागा अडली. १९६० साली, असं बर्गरने स्वतः पुढे अनेकदा सांगितलं, त्याने ती खोकी कचरा वाहणाऱ्या गाड्यांत भरली, कचऱ्याच्या तराफ्यावर चढवली आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापुढे अटलांटिक समुद्रात बुडवली. त्याआधी जत्रेतल्या स्टॉलवाल्यांना मातीमोल भावात देऊन पाहिली होती, त्यांनीही घेतली नाहीत.

त्या टप्प्यातलं पहिलंच कार्ड, क्रमांक ३११, मिकी मँटलचं. ओक्लाहोमातल्या जस्त-शिशाच्या खाणीत राबणाऱ्या बापाचा हा पोरगा. ज्या वर्षी कार्ड छापलं गेलं, त्याच वर्षी त्याचा बाप वारला. मँटल पुढे न्यूयॉर्क यांकीजचा तारा झाला. त्या ३११ क्रमांकाची एक कोरी प्रत १९९१ साली ५०,००० डॉलरला विकली गेली होती. तीच ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. म्हणजे आपले सुमारे शंभर कोटी रुपये. वर्गातल्या पोराने विचारलं होतं ते हेच कार्ड.

मग हळहळ कोणाकोणाची? पाच सेंटचं पाकीट नको म्हणणाऱ्या पोराची. माल परत पाठवणाऱ्या दुकानदाराची. जत्रेतल्या स्टॉलवाल्याची. आणि त्या आयांची! अमेरिकेत हे घराघरातलं गाऱ्हाणं आहे, "मी शिकायला बाहेरगावी गेलो, आईने खोली आवरली आणि बुटाच्या खोक्यातली माझी सगळी कार्डं कचऱ्यात टाकली." अख्खी पिढी आईला दोष देत म्हातारी झाली. महायुद्धाच्या काळात रद्दी कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यातही पुष्कळ कार्डं गेली. पोरांनी स्वतः काय केलं? चिमट्याने कार्ड सायकलच्या चाकाला लावलं, फटफट आवाज यावा म्हणून. कोपरे झिजले, चित्र पुसलं. मजा केली!

पण जरा डोकं चालवा. सगळ्या आयांनी सगळी कार्डं जपून ठेवली असती तर आज त्यांना शंभर कोटी मिळाले असते का? एक कोटी घरात एकेक कार्ड असतं तर त्याला कोण विचारतं? किंमत आली ती टाकलेल्या कार्डांमुळे. म्हणजे आईने कार्डं टाकली म्हणून उरलेली महाग झाली आणि महाग झाली म्हणून आईला दोष! बाजाराचा हा उफराटा न्याय आहे. मँटलच्या आईचा नाही, बाजाराचा दोष.

हे ज्यांना कळलं नाही, त्यांचं काय झालं तेही ऐका. १९८० च्या दशकात जुन्या कार्डांचे भाव वर्तमानपत्रात यायला लागले. हळहळणारे बाप म्हणाले, "आमची गेली, आता पोरांची जाऊ देणार नाही." कार्डांच्या पेट्याच्या पेट्या घेऊन माळ्यावर ठेवल्या. पोरांना हात लावू देईनात, कोपरा दुमडेल म्हणून. कंपन्यांनी हे ओळखलं. टॉप्स होतीच, फ्लीअर आली, डॉनरस आली, १९८९ साली अप्पर डेक आली. छापखाने रात्रंदिवस चालले. इतका माल छापला की बाजार भरून वाहिला. १९९४ साली खेळाडूंचा संप होऊन मोसम अर्ध्यावर बंद पडला आणि गिऱ्हाईक आणखी पांगलं. आज त्या काळातल्या बहुतेक कार्डांच्या पेट्या कवडीमोल आहेत. बापाने पस्तावा केला, पस्ताव्यातून लोभ आला, लोभातून दुसरा पस्तावा. तहान लागली म्हणून मीठाचं पाणी प्यायल्यासारखं झालं. तृष्णेबद्दल या विहारात मी वेगळं काय सांगू! तुम्ही दर पौर्णिमेला ऐकताच.

आता एक लहान पण गमतीची हकीकत. १९३३ साली बोस्टनच्या गाउडी कंपनीने २४० क्रमांकांचा संच जाहीर केला. पोरं पाकीट घ्यायची, संच जुळवायची, पण १०६ क्रमांक कोणालाच मिळेना. मिळणार कसा? कंपनीने तो छापलाच नव्हता! पोरांनी शोधत राहावं आणि पाकिटं घेत राहावं, असा हा डाव असल्याचं जाणकार सांगतात. काही जमवणाऱ्यांनी कंपनीला तक्रारीची पत्रं लिहिली. तेव्हा १९३४ साली कंपनीने नेपोलियन लाजोई या जुन्या खेळाडूचं १०६ क्रमांकाचं कार्ड छापलं आणि ज्यांनी पत्रं लिहिली होती, त्यांना टपालाने पाठवलं. पत्राला कागदाची टाचणी लावून पाठवलं, त्या टाचणीचा वळ आजही पुष्कळ कार्डांवर दिसतो. ज्यांनी पत्र लिहिलं, त्यांना मिळालं. जे गप्प बसले, त्यांचं हुकलं. आज ते अत्यंत दुर्मिळ कार्ड आहे. तरुण मित्रांनो, पत्र लिहायचा कंटाळा करू नका. रेशन कार्यालय असो की नगरपालिका, लेखी तक्रार करा, पोच घ्या. गप्प बसणाऱ्याची हळहळ ही खरी हळहळ, कारण ती टाळता आली असती.

आणखी एक हळहळ आहे, तिच्याबद्दल जमवणारे कमी बोलतात. ज्यांची चित्रं छापली, त्या खेळाडूंची. टॉप्स कंपनी तरुण खेळाडूला पाच डॉलर हातावर ठेवून सही घ्यायची आणि मोठ्या संघात पोचल्यावर वर्षाला १२५ डॉलर द्यायची. एकेकटा पोरगा, त्याला चित्र छापून येतंय याचाच आनंद. सही करून मोकळा! १९६६ साली खेळाडूंच्या संघटनेला मार्विन मिलर नावाचा नेता मिळाला. तो पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेला. त्याने खेळाडूंना सांगितलं, एकेकटे सही करू नका. खेळाडूंनी कंपनीला फोटो काढू देणं बंद केलं. झक मारत कंपनी वाटाघाटीला आली. १९६८ साली रक्कम दुप्पट, २५० डॉलर झाली आणि विक्रीवर टक्केवारीही मिळाली. कामगार मित्रांनो, हे ऐकून मला फार बरं वाटलं. साचा असो की बेसबॉलची फळी, एकट्याची सही स्वस्त असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो.

मँटलचं कार्ड क्रमांक ३११. मग ३१२ कोणाचं? जॅकी रॉबिन्सनचं! आणि ३१४ रॉय कॅम्पानेलाचं. हे दोघे काळे खेळाडू. अमेरिकेत साठ वर्षं मोठ्या संघांची दारं काळ्या माणसाला बंद होती. कायद्यात लिहिलेलं नव्हतं, मालकांनी आपसात ठरवलेलं होतं. आपल्याला हे समजावून सांगायला नको. पाणवठ्यावर पाटी नव्हती, तरी सगळ्यांना ठाऊक होतं. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ती भिंत फुटली. त्याला शिव्या ऐकाव्या लागल्या, धमक्यांची पत्रं आली, पण तो खेळला. १९९७ साली त्याचा ४२ क्रमांक सगळ्या संघांनी कायमचा राखून ठेवला. त्याच्या पाच सेंटच्या कार्डाला १९५२ साली गिऱ्हाईक मिळालं नाही आणि उरलेल्या गठ्ठ्यात तेही समुद्रात गेलं.

पण रॉबिन्सनचं निदान कार्ड तरी छापलं गेलं. जॉश गिब्सनचं काय? १९२० साली रूब फॉस्टर या काळ्या खेळाडूच्या पुढाकाराने कॅन्सस सिटीत काळ्या संघांची स्वतंत्र लीग उभी राहिली. दार बंद आहे ना, मग आम्ही आमचं घर बांधतो. या काळ्या संघांत गिब्सन खेळायचा. पिट्सबर्ग भागातच, जिथे वॅगनरचं नाव झालं, तिथेच. असा फटका मारणारा माणूस झाला नाही, असं पाहणारे सांगत. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी तो वारला. रॉबिन्सन मैदानात उतरायला तीन महिनेही उरले नव्हते. त्याच्या हयातीत अमेरिकेतल्या मोठ्या कार्ड कंपन्यांनी त्याचं कार्ड काढलं नाही. तो पूर्वी पोर्तो रिको बेटावर खेळला होता, तिथल्या एका संचात १९५०-५१ साली त्याचं कार्ड निघालं, मरणानंतर. १९७२ साली त्याला सन्मान दालनात घेतलं. डिसेंबर २०२० मध्ये काळ्या संघांच्या लीगना मोठ्या लीगचा दर्जा मिळाला. मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत आले, तेव्हा फलंदाजीच्या कारकिर्दीच्या सरासरीत सगळ्यांच्या वर नाव आलं, जॉश गिब्सन! जवळजवळ ऐंशी वर्षं उशिरा.

ही नोंद कुठून मिळाली? जुन्या वर्तमानपत्रांतून, काळ्या लोकांनी चालवलेल्या पत्रांतून अभ्यासकांनी एकेक सामना वेचून काढला. कोणीतरी ते कागद ठेवले होते म्हणून. वॅगनरचं कार्ड हुकलं म्हणून हळहळणारे हजारो आहेत. गिब्सनचं कार्ड हुकलं म्हणून त्या काळी कोण हळहळणार? ते छापलंच नव्हतं. जे छापलंच नाही, ते हुकतही नाही. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा तोटा, कारण याची हळहळसुद्धा कोणाला वाटत नाही.

शेवटी एका कामगाराची गोष्ट सांगतो आणि थांबतो. त्याचं नाव जेफरसन बर्डिक, जन्म १९००. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात विजेच्या सामानाच्या कारखान्यात सुटे भाग जोडायचं काम करी. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. या माणसाने एकट्याच्या पगारावर कार्डं जमवली, बेसबॉलचीच नव्हे, सिगारेटची, जाहिरातींची, शुभेच्छांची, सगळी. लोक ज्याला कचरा म्हणत, त्याची त्याने यादी केली, वर्गवारी केली, क्रमांक दिले. 'टी-२०६' हे नाव त्याच्याच यादीतलं. त्या यादीत वॅगनरच्या कार्डाची किंमत ५० डॉलर होती आणि तेव्हा तीच फार वाटत होती!

बर्डिकने ही दौलत विकली नाही. १९४७ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यायला सुरुवात केली. तीन लाखांहून जास्त नग, त्यात तीस हजारांवर बेसबॉलची कार्डं. त्यात वॅगनरही आहे. नुसतं देऊन थांबला नाही. म्युझियममध्ये बसून दुखऱ्या हातांनी एकेक कार्ड वहीत चिकटवत राहिला. जानेवारी १९६३ मध्ये शेवटचं कार्ड लावलं आणि मार्च १९६३ मध्ये तो वारला. आज पुढच्या आकड्यांवर नजर टाकली तर कोणी म्हणेल, वेडा, कोट्यवधी डॉलर घालवले. पण या सगळ्या कहाणीत एकच माणूस असा दिसतो, की ज्याला हळहळ वाटायचं कारण नाही. त्याने किंमत येईल म्हणून जमवलं नाही, म्हणून किंमत आली तेव्हा त्याचं काही गेलं नाही.

मंडळी, माझीही एक हळहळ आहे. आजवर सांगितली नाही. माझे वडील गिरणी कामगार. त्यांचा एकच फोटो होता, गिरणीच्या पासावरचा, अंगठ्याच्या नखाएवढा. चाळीतली खोली सोडताना सामान आवरलं, तेव्हा तो पास जुन्या पगाराच्या चिठ्ठ्यांबरोबर रद्दीत गेला. आईने नाही टाकला. मीच टाकला, या हाताने. रद्दीवाल्याने किलोच्या भावाने पैसे दिले. आज माझी नात विचारते, "आबा, तुमचे बाबा कसे दिसायचे?" मी सांगतो, उंच होते, डावी भुवई तुटलेली होती. ती म्हणते, "दाखवा ना." त्या पासाला जगातल्या कुठल्याही लिलावात पाच पैसे आले नसते. पण तो हातचा गेला तो गेला.

म्हणून माझी विनंती एवढीच. घरातले जुने कागद, फोटो, पत्रिका, सभेची हस्तपत्रकं, रद्दीत घालण्यापूर्वी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा दाखवा. फोटोमागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहा. महाग होईल म्हणून नव्हे. आपली कार्डं कोणी छापली नाहीत, ती आपणच ठेवायची आहेत, म्हणून. विहार समितीने एक कपाट द्यावं, कुलूप आणि वही मी आणतो. रविवारी दहा वाजता मी इथे बसलेला असेन.



जयभीम! नमो बुद्धाय!